ताराबाईंची खेळणी

मैत्रिणींनो, बाळासाठी खेळणं घेताना आपण आधी किंमत पाहतो, मग रंग. आमच्या राहात्याच्या बाजारात किंवा शिर्डीच्या दुकानांत खेळण्यांचे ढीग असतात. अंगणवाडीच्या कामाला लागले तशी मला अशा वेळी ताराबाई मोडक आठवू लागल्या.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. मुली शाळेतही अभावानेच जात, त्या काळात १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. संसार फार काळ टिकला नाही. लहान मुलगी पदरात होती. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या, पण मानाची ती नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. चिमुरड्यांना शिकवण्यासाठी एवढं कोण सोडतं हो? १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं.

इटलीच्या माँटेसरीबाईंची पद्धत त्यांनी स्वीकारली, पण ती साधनं महाग. गरिबाच्या पोरानं काय करायचं? १९४५ मध्ये त्या बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. शिंपले, बिया, पानं, खडे, माती हीच तिथली खेळणी झाली. मुलं शाळेत येईनात, तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा भरवली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र करून विकासवाडी उभी केली.

मला यात शिकण्यासारखं वाटतं ते असं. बिया आणि मणी बालवाडीतल्या मुलाला मोजायला, ओवायला छान. पण तेच रांगत्या बाळापुढे ठेवले तर घशात अडकून जीव जायचा. खेळणं एकच, वय बदललं की त्याचं संकट होतं. म्हणून घरात थोरलं नि धाकटं दोन्ही असतील तर थोरल्याचा डबा उंच फळीवर ठेवा.

तीन वर्षांखालच्या बाळाला सव्वातीन सेंटिमीटर रुंद नळीत मावेल अशी वस्तू देऊ नका. सुटणारी चाकं, बाहुलीचे डोळे ओढून बघा. बटणासारखा सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूनं बंद हवं. गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, तेव्हा तडक दवाखाना गाठा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते शोधा. लांब दोरीची खेळणी पाळण्यात नकोत. अन् घरची खेळणीही विसरू नका. जुन्या लुगड्याची बाहुली, रिकामे डबे, लाकडी पोळपाट, याला काय पैसे लागतात?

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. आज गावोगावच्या अंगणवाड्यांना जे नाव आहे, ते त्यांच्या अंगणातल्या बालवाडीचीच आठवण करून देतं. तिथं मूल खेळत असतं तेव्हा समोर एक मोठं माणूस बसलेलं असतं. महागड्या खेळण्यालाही त्याची सर येत नाही.