पंडिता रमाबाई आणि धर्मगुरूंची आज्ञा

पुणे-दौंड गाडीने मी सुटीला घरी जाते तेव्हा वाटेत केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे एवढेच मला लहानपणापासून माहीत होते. आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या लेखी रमाबाई म्हणजे बाटलेली बामणीण. त्यापुढे चौकशी कोणी केली नाही, मीही नाही. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यांच्या पत्रव्यवहाराचा जाडजूड ग्रंथ हाती आला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ साली काढला आहे. पत्रे इंग्रजीत आहेत. माझे इंग्रजी बेताचे, त्यामुळे शब्दकोश शेजारी ठेवून दीड महिना वाचत होते. वाचून झाल्यावर वाटले, धर्म सोडणारी बाई म्हणून आपण जिला ओळखतो ती खरे तर आयुष्यभर धर्मच शोधत होती. फक्त त्या शोधाची किल्ली कुणा भटाच्या किंवा पाद्र्याच्या हाती द्यायला ती तयार नव्हती.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतील गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला आणि रानात बिऱ्हाड केले. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून. पुढे तीर्थयात्रा, पुराणे सांगणे आणि दारिद्र्य. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेल्या भावाबरोबर त्या देशभर पायी हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला. दोन वर्षांच्या आत पटकीने पतीही गेले. पदरात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. वय अवघे तेवीस! माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठ्या.

पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. पंचहौदातील ख्रिस्ती भगिनींशी ओळख झाली ती याच काळात. डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला, याच भगिनींच्या वाँटेज येथील मठात, गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टरकी राहून गेली. पण लंडनमध्ये फुलहॅम येथे या भगिनी वाट चुकलेल्या बायकांना सांभाळतात हे त्यांनी पाहिले. ज्या बायकांना आपल्याकडे दार बंद, त्यांना तेथे कोणी घास भरवतो, ही गोष्ट त्यांच्या मनात खोल गेली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे गोष्ट संपली असे आमच्या आळीतल्या बायकांना वाटते. मला वाटते, खरी गोष्ट येथून सुरू होते.

रमाबाई ज्या पंथात गेल्या तो इंग्लंडचा जुना, प्रतिष्ठित पंथ. त्यात बिशपांची परंपरा थेट ख्रिस्ताच्या शिष्यांपर्यंत पोचते असे मानतात, म्हणून बिशपाच्या शब्दाला मोठे वजन. नव्याने आलेल्या बाईने ऐकावे, मानावे आणि शंका आली तर ती अहंकाराची खूण समजून गिळावी, अशी अपेक्षा होती. रमाबाई तर शंका विचारणाऱ्या घराण्यातल्या. एकच देव त्रिमूर्तीसारखा तिघांत कसा, हे त्यांना पटेना. एकेका पंथाचे एकेक मत, मग खरे चर्च कोणते, असे त्या विचारू लागल्या. आपण ख्रिस्ताच्या चर्चमध्ये आहोत, पण म्हणून पाद्र्याच्या तोंडचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा मानायला बांधलेल्या नाही, अशी त्यांची भूमिका. भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले, आता तसलेच दुसरे मानेवर कशाला घ्या, हा विचार त्यांनी १८८५ मध्ये भगिनी जेराल्डीन यांना स्पष्ट कळवला.

या जेराल्डीनबाई त्यांच्या धर्ममाता. मायलेकी त्यांना आजीबाई म्हणत. पत्रात वाद कितीही तापला तरी वर आजीबाईच. वाद कशाकशावर नव्हता! रमाबाई मांसाला, अंड्याला शिवत नसत. आजीबाईंना त्यात जातीचा ताठा दिसे. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, हा रमाबाईंचा सवाल. मनोरमेला कोणते सिद्धान्त शिकवायचे यावरूनही दोघींची ओढाताण झाली.

सर्वांत झोंबणारा प्रसंग चेल्टनहॅम येथला. तेथील महिला महाविद्यालयात रमाबाई शिकत होत्या, शिकवीतही होत्या. मुलग्यांनाही शिकवावे असा विषय निघाला, तर भारतात काम केलेल्या बिशपांनी मोडता घातला. बाईने पुरुषांना शिकवणे भारतात शोभणार नाही, त्याने तिच्या कार्याला बाध येईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना याचे नवल वाटले आणि रागही आला. वडिलांनी, नवऱ्याने जे कधी रोखले नाही ते हे परके लोक कोण रोखणारे? कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत त्या पुरुषांच्याच सभांतून बोलल्या होत्या.

हे वाचताना मी थांबले. बारावीनंतर गावातल्या एका जाणत्या माणसाने माझ्या वडिलांना सांगितले होते की पोरीला शहरात धाडणे आपल्याकडे शोभत नाही. वडील आठ दिवस गप्प होते. नवव्या दिवशी त्यांनी फीचे पैसे आणून दिले. तो माणूस वाईट नव्हता. बिशपही वाईट नसावेत. त्यांना आमचे भलेच करायचे असते, फक्त आम्हाला न विचारता.

रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि तेथून मदत उभी करून आल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले, पुढे ते पुण्यात आणले. सदनात धर्म शिकवायचा नाही हा करार. तेव्हा मिशनरी म्हणू लागले, ही कसली ख्रिस्ती! उलट रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत, तर १८९३ मध्ये पुण्यात गहजब झाला. 'केसरी'ने झोडपले. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. दोन्हीकडचे लोक रागावले ते एकाच कारणाने, असे मला वाटते. ही बाई कोणाच्याच ताब्यात येईना.

१८९६ च्या दुष्काळानंतर शेकडो अनाथ मुली व विधवा केडगावला आल्या. तेथील चर्च रमाबाईंनी कोणत्याही एका पंथाला जोडले नाही. आमच्या एका प्राध्यापकांनी मात्र विचारले की मुक्ती सदनातल्या मुलींना रमाबाईंशी असा वाद घालता आला असता का? तेथली शिस्त कडक होती, मुलींच्या दिवसाचा तास न् तास आखलेला होता. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही.

पण एक गोष्ट सांगता येते. उतारवयात रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरवायला बसल्या. आधीची भाषांतरे होती, पण त्यांची भाषा अडाणी बाईला जड जाते असे त्यांना वाटे. स्वतः वाचता आले की अर्थ सांगायला मध्ये कोणी लागत नाही. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी, सारे काम केडगावच्या छापखान्यात बायकांनीच केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ बाहेर पडला १९२४ मध्ये.

आणि ही पत्रे? ती जपून ठेवली, जुळवली, संग्रहित केली ती त्या आजीबाईंनीच. ज्या पत्रांत त्यांचे म्हणणे रमाबाईंनी खोडून काढले आहे, तीसुद्धा त्यांनी गाळली नाहीत.