कस्तुरबा गांधी : चौकशीवांचून बंदिवास

आर्वी व सेवाग्राम हीं दोन्ही ठिकाणें वर्धा जिल्ह्यांतलींच. आर्वीच्या बाजारास येणाऱ्या आमच्या बंधुभगिनींपैकीं कित्येकांनीं सेवाग्रामच्या आश्रमांतील 'बा कुटी' पाहिली असेल. त्या लहानशा घरांत राहणाऱ्या बाईंच्या आयुष्याचे शेवटचे अठरा महिने बंदिवासांत गेले व तेथेंच त्यांस मरण आलें. कोणत्याहि न्यायाधीशापुढें त्यांच्यावर आरोप ठेवण्यांत आला नव्हता. त्या कस्तुरबा गांधी यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

कस्तुरबांचा जन्म सन १८६९ मध्यें काठेवाडांत पोरबंदर येथें झाला. वडील गोकुळदास मकनजी हे व्यापारी होते. मुलीस शाळेंत घालण्याची चाल नसल्यामुळें त्यांचें शिक्षण झालें नाहीं. वयाच्या तेराव्या वर्षीं मोहनदास गांधी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. सन १८९७ त त्या पतीबरोबर दक्षिण आफ्रिकेस गेल्या. त्यांस चार पुत्र झाले.

तेथें सन १९१३ च्या मार्च महिन्यांत न्यायमूर्ति सर्ल यांनीं असा निकाल दिला कीं, ख्रिस्ती विधीनें झालेले विवाहच कायदा मानील. ह्यामुळें हजारों हिंदी स्त्रिया कायद्याच्या दृष्टीनें पत्नी राहिल्या नाहींत. ख्रिस्ती कुटुंबांस ह्यांत धक्का नव्हता, म्हणूनच ही गोष्ट आपण विशेष ध्यानांत ठेवावी. आपल्या नांवानें दुसऱ्यांवर अन्याय झाला, तरी तो अन्यायच होय. कस्तुरबा इतर पंधरा जणांबरोबर परवान्यावांचून ट्रान्सवालच्या सरहद्दीवर गेल्या. त्यांस पकडून मॅजिस्ट्रेटपुढें उभें करण्यांत आलें व तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. डिसेंबरांत त्या सुटल्या तेव्हां शरीर अगदीं क्षीण झालें होतें. पुढील सालीं नवा कायदा होऊन हिंदी विवाहांस मान्यता मिळाली.

ती शिक्षा कठीण होती खरी. परंतु आपण काय केलें म्हणून धरलें, हें त्यांस ठाऊक होतें. कोणी निकाल दिला हें ठाऊक होतें. आणि सुटकेचा दिवसहि ठाऊक होता.

सन १९१५ त त्या स्वदेशीं परतल्या. चंपारण्यांत खेड्यांतील बायांना स्वच्छता शिकविण्याचें काम त्यांनीं केलें. पुढें चळवळींत त्या अनेकदां तुरुंगांत गेल्या. सन १९३६ त गांधीजी शेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, येऊन राहिले. तेव्हांपासून तेंच त्यांचेंहि घर झालें.

९ ऑगस्ट १९४२ रोजीं पहांटे मुंबईंत गांधीजींस अटक झाली. इच्छा असल्यास पतीबरोबर येण्याची मुभा कस्तुरबांस होती. परंतु सायंकाळीं शिवाजी पार्कवर सभा ठरली होती, म्हणून त्या मागें राहिल्या. सभेस पोंचण्यापूर्वींच त्यांस धरण्यांत आलें व पुढें पुण्यास आगाखान राजवाड्यांत ठेवण्यांत आलें. चौकशी नाहीं, खटला नाहीं, मुदत नाहीं.

त्याच महिन्यांत आर्वी तहशिलींतील आष्टी येथें गोळीबार होऊन रक्त सांडलें, हें आपणांस विदित आहेच. आष्टी व चिमूर येथील आरोपींस भयंकर शिक्षा झाल्या; कित्येकांस फांशी सांगण्यांत आली. तरी तेथें खटले चालले होते. दाद मागण्यास जागा होती, आणि पुढें कित्येकांची फांशी टळलीहि. राजवाड्यांतील वृद्ध बाईंस मात्र खोडून काढण्यास आरोपच नव्हता.

सरकारच्या बाजूनें सांगण्यासारखें कांहीं नव्हतें असें नाहीं. जपानी सैन्य ब्रह्मदेश घेऊन सरहद्दीवर आलें होतें, आणि बंदिवानांस अंधारकोठडींत नव्हे, तर बागेच्या वाड्यांत ठेविलें होतें. परंतु २२ एप्रिल १९४३ रोजीं फेडरल कोर्टानें केशव तळपदे यांच्या प्रकरणांत, अशा अटकेचा युद्धकालीन नियम कायद्याच्या मर्यादेबाहेरचा ठरविला, तेव्हां सरकारनें बंदिवानांस सोडलें नाहीं. थोड्याच दिवसांत वटहुकूम काढून त्यानें तो नियम मागील काळापासून पक्का केला.

वाड्यांत येऊन आठवडाहि झाला नाहीं तोंच, १५ ऑगस्ट रोजीं, पुत्रवत् असलेले महादेवभाई देसाई तेथें एकाएकीं वारले. सन १९४३ च्या फेब्रुवारींत गांधीजींनीं एकवीस दिवस उपवास केला. ह्या दुःखांनीं कस्तुरबांचें दुबळें हृदय अधिकच खचलें. आजार वाढला तेव्हां वैद्य आणण्यासाठीं व नातलगांच्या भेटीसाठीं सरकारच्या परवानगीची वाट पाहावी लागे. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं, महाशिवरात्रीच्या सायंकाळीं, पतीच्या मांडीवर डोकें ठेवून त्यांनीं प्राण सोडला. वय चौऱ्याहत्तर वर्षांचें होतें. सार्वजनिक अंत्ययात्रेस सरकारनें परवानगी दिली नाहीं, म्हणून दुसऱ्या दिवशीं वाड्याच्या आवारांतच त्यांचें दहन झालें. ह्या मृत्यूनंतर अडीच महिन्यांनीं, ६ मे रोजीं, गांधीजींस सोडण्यांत आलें.

प्रेषितांच्या कृत्यांत आपण वाचतों कीं, फेलिक्स सुभेदारानें यहूद्यांस खूष करण्यासाठीं पौलास दोन वर्षें बंदींत ठेवून दिलें. त्याच्यामागून आलेल्या फेस्तास मात्र, दोषारोप न कळवितां कैदी पाठविणें गैर वाटलें. तो रोमी अधिकारी पौलाचा धर्मबंधु नव्हता. तरी एवढें त्यास समजलें.

हा दोष केवळ परकीय राज्याचा होता असेंहि कोणीं समजूं नये. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमानेंहि प्रतिबंधक स्थानबद्धतेस जागा ठेविली आहे, आणि सन १९७५ ते १९७७ च्या आणीबाणींत हजारों माणसें खटल्यावांचून तुरुंगांत होतीं. परंतु त्याच कलमानें साधारण अटकेंत मोठें संरक्षणहि दिलें आहे. धरलेल्या मनुष्यास कारण कळविलें पाहिजे, त्यास वकिलाचा सल्ला घेऊं दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें नेलें पाहिजे.

आमच्या उपदेशकांनीं हें मंडळ्यांस समजावून सांगावें. गांवांतून कोणास धरून नेलें, तर तो कोणत्या जातीचा वा धर्माचा हें न पाहतां दोघां-तिघांनीं ठाण्यावर जाऊन नम्रपणें कारण विचारावें, दिवस व वेळ लिहून ठेवावी, आणि त्याच्या घरच्यांस एकटें पडूं देऊं नये. सेवाग्रामास जाणें झाल्यास 'बा कुटी'च्या दाराशीं मुलाबाळांस हें चरित्रहि सांगावें.