उकिरड्यातली हाडं वाचायला लावणारे डॉ. सांकलिया

चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ आणि शहाद्याजवळ तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशा. १९५० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याने दोन्हीकडे खोदकाम केलं. खाली तीन हजार वर्षांहून जुनी, शेती करणाऱ्या लोकांची वस्ती निघाली. त्यांच्या तांबड्या अंगाच्या, काळ्या नक्षीच्या भांड्यांना अभ्यासक जोर्वे भांडी म्हणतात. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं गाव. तिथे १९५०-५१ मध्ये खोदकाम झालं, त्यात पुढे होते डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. त्या काळच्या गुराढोरांचा हिशेब आज मांडता येतो, त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ चा, मुंबईतल्या गुजराती घरातला. पोर इतकं अशक्त होतं की जगेल याची घरच्यांना खात्री नव्हती. शाळेच्या वयात लोकमान्य टिळकांचं आर्यांच्या मूलस्थानावरचं पुस्तक हाती पडलं आणि जुन्या काळाचा नाद लागला तो कायमचा. मुंबईत फादर हेरास यांच्याकडे शिक्षण झालं, मग लंडनला डॉक्टरेट. इंग्लंडात मॉर्टिमर व्हीलर यांच्या खोदकामावर त्यांनी प्रत्यक्ष काम केलं. माती थराथराने कशी काढायची ते तिथे कळलं. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले आणि शेवटपर्यंत पुण्याचेच राहिले.

तोवर आपल्याकडे खोदकाम म्हटलं की नाणी, मूर्ती, ताम्रपट. हाडांना कोण विचारतो! सांकलियांनी उलटं केलं. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या लांघणजला १९४० नंतर त्यांनी इरावती कर्वे यांच्यासोबत काम केलं. तिथे माणसांचे सांगाडे निघाले आणि शिकारीच्या जनावरांची हाडंही. त्यात गेंड्याचं खांद्याचं हाड होतं, त्यावर ठोकल्याचे खड्डे. म्हणजे त्या माणसांनी गेंड्याच्या हाडाची ऐरण केली होती. आज त्या कोरड्या भागात गेंडा सांगितला तर कोणी खरं मानणार नाही. एका हाडाने माणसाचं हत्यारही सांगितलं आणि तेव्हाचं पाणी-गवतही. पुढे ही हाडं लंडनच्या प्राणितज्ज्ञ ज्युलिएट क्लटन-ब्रॉक यांनी तपासली. आपल्याला येत नाही ते येणाऱ्याकडे सोपवायचं, ही सांकलियांची रीत होती.

मग नेवासा. तिथली वस्ती शेतकऱ्यांची, म्हणून गाय-बैलांची हाडं आली. ती कशी मोडली, कुठे भाजली, कुठे कापली हे पाहिलं की जनावर नुसतं दावणीला होतं की ताटातही होतं ते समजतं. उत्तर अनेकांना न रुचणारं होतं. १९६६ च्या नोव्हेंबरात दिल्लीत गोहत्याबंदीचं मोठं आंदोलन पेटलं आणि १९६७ मध्ये सांकलियांनी ‘सेमिनार’ मासिकात गायीच्या इतिहासावर लेख लिहिला. जुन्या काळी गोमांस खाल्लं जात होतं, हे पुराव्यानिशी मांडलं. पोळ्याला बैलाच्या पाया पडणारा आपल्यासारखा माणूस हे वाचताना चरकतो, मीही चरकलो. पण खड्ड्यात निघालं ते सांगायचं, लोकांना आवडेल तेवढंच नाही, हे त्यांनी पाळलं. तेव्हाची हवा पाहता हे सोपं नव्हतं.

१९६८ मध्ये शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला काम सुरू झालं. डेक्कन कॉलेजचे अन्सारी आणि ढवळीकर सोबत होते. बारा हंगाम खोदून शंभरावर घरं उघडी झाली. एका घरात मातीच्या डबीत बिनडोक्याची बाईची मूर्ती होती आणि जवळ मातीचा बैल. बैलाच्या पाठीला भोक, मूर्तीच्या पोटाला भोक, काडी घातली की देवी बैलावर उभी राहते. म्हणजे ज्या घरात जनावर कापलं जात होतं, त्याच घरात बैल देवीचं वाहनही होता. दोन्ही खरं.

पण आम्हा शेतकऱ्यांना लागून जाईल ती गोष्ट वेगळी आहे. सुरुवातीच्या इनामगावात गुरं भरपूर, चौकोनी घरं, पुराचं पाणी वळवायला पाट. इ. स. पूर्व १००० च्या पुढे पाऊस कमी झाल्याचं अभ्यासक सांगतात. वरच्या थरात घरं लहान गोल झोपड्या झाली, भांडी साधी झाली. हाडं मोजली तर शेळ्या-मेंढ्या वाढलेल्या आणि हरणांची शिकारही वाढलेली. चारा सरला की बैल परवडत नाही, शेळी परवडते. १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्या घरची दावण रिकामी झाली, त्यांना हे कोणी समजवायला नको. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गावच उठलं.

सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले, १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९८० नंतर डेक्कन कॉलेजचे लोक साक्री तालुक्यातल्या कावठ्याला आले आणि जमिनीत खड्डे करून राहणाऱ्या, जोर्वेवाल्यांच्याही आधीच्या माणसांची वस्ती त्यांनी उघडली. भांड्यांसोबत तिथली हाडंही गोळा करून तपासली. २८ जानेवारी १९८९ रोजी सांकलिया पुण्यात वारले, तेव्हा हाडं निवडायचं काम त्यांच्या विभागात रोजचंच झालं होतं.