इराणचे मोसादेघ आणि तेलाचा मक्ता

परकी सत्तेच्या हातीं देशाची जमीन व तिच्या पोटांतील तेल गेलें म्हणजे काय होतें, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं इराणचे डॉ. मोहंमद मोसादेघ यांचें चरित्र वाचावें. १८८२ सालीं थोर घराण्यांत जन्मलेले हे गृहस्थ स्वित्झर्लंडांत कायद्याचे डॉक्टर झाले. त्यांच्या तारुण्यांतच, १९०१ मध्यें, शहानें डार्सी नामक धनिकास बहुतेक देशांतील तेलाचा मक्ता ६० वर्षांसाठीं लिहून दिला. मोबदला निव्वळ नफ्याच्या शेंकडा १६. प्रजेस कोणी विचारलें नाहीं. १९०८ सालीं तेल लागलें, आणि १९१४ मध्यें ब्रिटिश सरकारनेंच कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग घेतले. खरी मेख येथें आहे. करार झाला व्यापाऱ्याशीं. समोर उभें राहिलें आरमार! कंपनी सरकार म्हणजे काय, हें आम्हां हिंदी लोकांस कोणी सांगावयास नको. आबादानचा कारखाना कंपनीचा, तेलाचे नळ कंपनीचे. आणि पुढें तर ब्रिटिश खजिन्यास मिळणारा कर इराणच्या वाट्याहून मोठा झाला.

मोसादेघ यांनीं शस्त्र उचललें नाहीं, कायदा केला. मार्च १९५१ मध्यें मजलिसनें तेल राष्ट्राच्या मालकीचें केलें. एप्रिलांत ते पंतप्रधान झाले. कराराला तहाचें स्वरूप आहे, असें म्हणून ब्रिटन हेगच्या न्यायालयांत गेलें. मोसादेघ स्वतः तेथें हजर राहिले. हा तह नव्हे, सरकार व कंपनी यांमधील करार आहे, सबब आपणांस अधिकार नाहीं, असा निकाल जुलै १९५२ मध्यें लागला. ब्रिटिश न्यायाधीशांनींही त्याच बाजूस मत दिलें, हें त्यांस भूषणावह होय.

निकाल मिळाला, पण ब्रिटनच्या बहिष्कारामुळें तेलास गिऱ्हाईक मिळेना. खजिना रिता झाला. ऑगस्ट १९५३ मध्यें मजलिस मोडण्यासाठीं मोसादेघ यांनीं सार्वमत घेतलें, तेंही होकार व नकार यांच्या पेट्या निरनिराळ्या ठेवून; त्याचें समर्थन आम्हांस करवत नाहीं. त्याच महिन्याच्या १९ तारखेस त्यांस पदच्युत करण्यांत आलें. त्या कटांत अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा हात होता, हें २०१३ सालीं त्या खात्याच्याच कागदपत्रांनीं कबूल केलें. १९५४ मध्यें तेलाचा कारभार परकी कंपन्यांच्या संघाकडे गेला. त्यांत जुन्या कंपनीचा वाटा शेंकडा ४०, अमेरिकन कंपन्यांचाही तितकाच.

तीन वर्षें कैद भोगल्यावर मोसादेघ यांस अहमदाबाद या त्यांच्या गांवीं स्थानबद्ध करण्यांत आलें. मार्च १९६७ मध्यें ते वारले. जाहीर अंत्ययात्रेस सरकारनें परवानगी दिली नाहीं. राहत्या घराच्या भोजनगृहांतच त्यांस पुरावें लागलें.