चिंतामणरावांची उपेक्षित मागणी

मराठी माणसाला चिंतामणराव देशमुख आठवतात ते १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे म्हणून. महाडजवळील नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले हे विद्वान १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढे पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात देशाची तिजोरी त्यांच्याच हाती होती. म्हणूनच त्यांची १९५९ मधील मागणी मोलाची ठरते. उच्चपदस्थांच्या भ्रष्टाचाराची चौकशी करणारे स्वतंत्र, स्थायी न्यायाधिकरण त्यांना हवे होते. पंतप्रधान नेहरूंनी ते मान्य केले नाही. केंद्रीय दक्षता आयोग १९६४ मध्ये आला. लोकपाल कायद्यासाठी मात्र २०१३ साल उजाडावे लागले.

दोष केवळ राज्यकर्त्यांचा नव्हे. सोलापूर असो वा दिल्ली, साध्या दाखल्यासाठीही आपण आधी वशिला शोधतो, 'चहापाणी' देतो आणि मग भ्रष्टाचारावर तावातावाने बोलतो. लाच हा कोणत्याही अंदाजपत्रकात न दिसणारा, गरिबाला सर्वाधिक जाचणारा कर आहे. १९८२ मध्ये निवर्तलेल्या चिंतामणरावांनी पद सोडण्याचे धैर्य दाखविले. आपल्याला निदान रांग न सोडण्याचे धैर्य दाखविता येणार नाही काय?