उच्चारांचा प्रोफेसर : डॅनियल जोन्स

थर्ड इयरच्या सेमिनारला माझी रूममेट 'टेक्नॉलॉजी' म्हणाली आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. ती मुरुडच्या मराठी शाळेतली, मी कॉन्व्हेंटची. खरं सांगते, मीही हसले. रात्री तिने विचारलं, नेमकं चुकलं काय? मला सांगताच येईना. लायब्ररीत उत्तर शोधताना डॅनियल जोन्स भेटले.

जोन्स यांचा जन्म १८८१ सालचा, लंडनचा. केंब्रिजला गणित शिकले, पुढे वकिलीही शिकले; पण मन रमलं ते ध्वनिशास्त्रात. पॅरिसला पॉल पासी यांच्याकडे धडे घेऊन १९०७ पासून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवू लागले. १९२१ मध्ये प्रोफेसर झाले. आपले सुनीतिकुमार चटर्जी हे त्यांचेच विद्यार्थी.

१९१७ मध्ये त्यांचा इंग्रजी उच्चारकोश निघाला. त्यात शब्दाच्या ज्या तुकड्यावर जोर, त्याच्या आधी एक बारीक उभी रेघ असते. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच वजनाने म्हणतो. इंग्रजीत मात्र एक तुकडा उठतो, बाकीचे दबतात. टेक्-नॉ-ल-जी म्हणताना जोर 'नॉ'वर. शब्द लांबला की जोर सरकतो : फोटोग्राफमध्ये 'फो'वर, फोटोग्राफरमध्ये 'टॉ'वर, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. शेवटी 'इक' किंवा 'इटी' आलं तर जोर बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधी. इलेक्ट्रिकमध्ये 'लेक्'वर, इलेक्ट्रिसिटीमध्ये 'ट्रि'वर.

पु.लं.चं 'ती फुलराणी' ज्या 'पिग्मॅलियन'वरून घेतलंय, त्यातल्या प्रोफेसरमध्ये जोन्स यांचाही अंश आहे असं काही अभ्यासक मानतात. पण तो प्रोफेसर उच्चारावरून माणसाची किंमत करतो. जोन्स तसे राहिले नाहीत. तरुणपणी ते प्रमाण उच्चाराचा आग्रह धरत. पुढे त्यांनी तो सोडला. कोशातला उच्चार एका वर्गाचा आहे, तो इतरांपेक्षा श्रेष्ठ नाही, असं ते मांडत राहिले. १९४९ मध्ये निवृत्त झाले आणि १९६७ मध्ये वारले.

मग आम्ही दोघी सेमिनारचे शब्द घेऊन बसलो आणि पेन्सिलने रेघा मारल्या. तेव्हा कळलं, मी चार सेमिस्टर 'पॅरामीटर' चुकीचा म्हणत होते; जोर 'पॅ'वर नाही, 'रॅ'वर! मला कोणी हसलं नव्हतं, कारण मी कॉन्व्हेंटची. त्याच रात्री मी तिची माफी मागितली.

पुढच्या ओरलला कोणी अडखळलं तर हसू नका. जमलं तर एक रेघ मारून द्या.