रुडॉल्फ डिझेल

डिझेल हे फक्त तेलाचे नाव आहे असे मला वाटायचे. पण ते एका माणसाचे आडनाव आहे. ते मला कसे कळले ते सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी भांडुपला मामाकडे गेलो होतो. तिथे मिठागरांच्या पलीकडे तिवरे आणि ठाण्याची खाडी आहे. मामाच्या लहान होडीला शीड आहे आणि छोटे डिझेल इंजिनही आहे. एकदा पहाटे इंजिन चालूच होईना. वारा पडलेला, त्यामुळे शिडाचा उपयोग नाही. त्यात ओहोटी लागलेली. पाणी उतरले असते तर होडी चिखलातच रुतली असती. मामा हँडल मारून घामाघूम झाला. मला तर रडूच यायला लागले.

मग मामाने हँडल सोडले आणि नीट विचार केला. धूर मुळीच येत नव्हता, म्हणजे डिझेल आत पोचत नव्हते. त्याने फिल्टर उघडला, तर तळाशी पाणी! ते काढून टाकले. पण नळीत हवा शिरली होती. इंजिनने एअर पकडला, असे मामा म्हणाला. त्याने स्क्रू सैल करून हातपंप मारला. आधी बुडबुडे आले, मग नुसते डिझेल आले. स्क्रू आवळला, हँडल मारले आणि इंजिन धडधडू लागले. मामा म्हणाला की, ज्याने हे इंजिन शोधले त्याचे स्वतःचे इंजिनही आधी चालू होत नव्हते. शाळेत आल्यावर मी गुरुजींकडून त्यांची माहिती घेतली.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन होते. १८७० साली फ्रान्स आणि जर्मनीचे युद्ध पेटले व त्यांना घरदार सोडून लंडनला जावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी जर्मनीत ऑग्सबुर्ग गावी नातेवाइकांकडे पाठवले. पुढे म्युनिकला शिकताना त्यांना कळले की, वाफेच्या इंजिनात कोळशाची बहुतेक उष्णता फुकट जाते. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला.

सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हवा खूप दाबली तर ती इतकी तापते की त्यात उडवलेले तेल आपोआप पेटते. ठिणगी लागतच नाही. हीच त्यांची युक्ती!

१० ऑगस्ट १८९३ रोजी ऑग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. आत स्फोट होऊन दाब मोजायचे यंत्रच फुटले. डिझेल थोडक्यात वाचले. इंजिन काही स्वतःच्या बळावर चालले नाही. पण त्यांनी हात टेकले नाहीत. एकेक चूक शोधून ती दुरुस्त केली. १८९४ साली इंजिन जेमतेम एक मिनिट चालले. शेवटी १८९७ च्या चाचणीत त्याने तेलातल्या उष्णतेचा चौथा हिस्सा कामाला लावला. असे इंजिन जगात दुसरे नव्हते! १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले. १९१२ मध्ये डिझेल इंजिनाचे सेलांडिया हे मोठे जहाज पहिल्या सफरीवर निघाले.

पण त्यांचा शेवट वाईट झाला. ते कर्जात बुडाले होते. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाताना ते बोटीवरून नाहीसे झाले. पुढे त्यांचा मृतदेह समुद्रात सापडला. ते कसे पडले हे कोणालाच कळले नाही. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते.

आज शेतातला पंप, एस. टी. आणि मामाची होडी त्यांच्याच इंजिनावर चालते. मित्रांनो, गणित चुकले की मी पाटी बाजूला टाकायचो. आता नाही टाकत. कुठे अडले ते आधी शोधतो.